एकच पराभव

इंग्लंडमधील फुटबॉलच्या प्रीमियर लीग या साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ 38 सामने खेळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. 2018-19 च्या हंगामात लिव्हरपूलचा संघ केवळ एकदाच हरला. तीस सामने त्याने जिंकले व सात बरोबरीत सोडवले. तथापि विजेतेपद मिळाले ते चारदा हरलेल्या मँचेस्टर सिटीला! सिटीचे गुण 98, लिव्हरपूलचे 97. हा कोठला न्याय, असे कोणालाही वाटेल.

लिव्हरपूलच्या चाहत्यांचे गाऱ्हाणे अगदीच पोकळ नाही. 3 जानेवारी 2019 रोजी हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा लिव्हरपूल सात गुणांनी पुढे होता. एकही गोल झालेला नसताना त्याचा चेंडू सिटीच्या गोलरेषेवर पोहोचला. संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेल्यावाचून गोल होत नाही. तो जाण्यास सुमारे एक सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे अंतर उरले असताना जॉन स्टोन्सने तो परतवला. तो सामना सिटीने 2-1 असा जिंकला. लिव्हरपूलचा एकमेव पराभव तो हाच.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगता येईल. 1981 पर्यंत इंग्लंडमध्ये विजयाला दोनच गुण मिळत. त्या हिशेबाने लिव्हरपूलचे 67 व सिटीचे 66 गुण झाले असते. (वाचकांनी हे गणित अवश्य करून पाहावे.)

असे असूनही मला सिटीचेच विजेतेपद योग्य वाटते. संघांनी बरोबरीवर समाधान न मानता विजयासाठी झटावे, म्हणूनच तीन गुणांचा नियम झाला आणि तो दोन्ही संघांना आरंभापासून ठाऊक होता. 30 जानेवारी ते 3 मार्च या काळात लिव्हरपूलने सहांपैकी चार सामने बरोबरीत सोडवले. तेथेच आठ गुण हातचे गेले. नखाएवढ्या अंतराची हळहळ सारे करतात. या आठ गुणांची आठवण कोणी काढीत नाही! उलट सिटीने अखेरचे चौदा सामने ओळीने जिंकले. त्यांतील एक जरी बरोबरीत सुटला असता, तरी विजेतेपद लिव्हरपूलकडे गेले असते.

पुढच्याच हंगामात, 2019-20 मध्ये, लिव्हरपूलने 99 गुणांसह विजेतेपद मिळवले. त्या वेळी तो एकदा नव्हे, तीनदा हरला होता. परंतु बरोबरीत सुटलेले सामनेही तीनच होते.