अंगावरच्या मऊ गाठी : ना लागण, ना कुणाचा दोष

चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर मऊ गाठी असलेली व्यक्ती बसमध्ये शेजारी बसली की काही जण जागा बदलतात. आई मुलाला जवळ ओढते. ‘हे लागतं का?’ ही भीती. उत्तर स्पष्ट आहे : नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही.

त्याचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. १८८२ साली फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. सुमारे ३,००० जणांत एकाला तो असतो. १७व्या गुणसूत्रावरचा एक जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतो. तो बिघडला की नसांच्या आवरणावर गाठी वाढतात.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. म्हणून ग्रहण, नजर किंवा आईचं खाणंपिणं यांना दोष देऊ नये. नात्यातल्या निकाहामुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरं. पण हा त्यातला नाही. इथे एकाकडून आलेला बिघडलेला जनुकही पुरतो.

लहान मुलाच्या अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे, ५ मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त डाग दिसले, काखेत बारीक ठिपके असले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गाठी बहुधा वयात येताना दिसू लागतात. गरोदरपणात वाढू शकतात. डोळे, रक्तदाब आणि पाठीचा कणा यांची नियमित तपासणी हवी. मूल अभ्यासात मागे पडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका; तेही या आजाराचं लक्षण असू शकतं.

त्वचेवरच्या या गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणतीही गाठ झपाट्याने वाढली, कडक झाली किंवा सतत दुखू लागली, तर लगेच डॉक्टर गाठा. दोरा बांधणं, चुना लावणं टाळा. त्रासदायक गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात, पण नव्या येऊ शकतात. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही.

निकाहाची बोलणी चालू असताना हा आजार लपवू नका. लपवलेली गोष्ट उघडी पडते, तेव्हा बोल मुलीलाच लागतो. दोन्ही घरांनी मिळून आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तो निकाह मोडण्यासाठी नव्हे, पुढचं पाऊल समजून टाकण्यासाठी.