निकाल एक, म्हणून नीतीही एकच काय?

अलीकडे काही विद्वान मंडळी आम्हास एक कोडे घालीत असतात. ती म्हणतात, “दोन नीतिशास्त्रे घ्या. एक ज्यास ‘करा’ म्हणते त्यास दुसरेही ‘करा’ म्हणते. एक ज्यास ‘नको’ म्हणते त्यास दुसरेही ‘नको’. मग कारणे निराळी सांगितली म्हणून काय बिघडले? दोन्ही एकच. उगाच भांडता कशाला?” हे बोलणे वाढणाऱ्यास गोड लागते. ज्याचे ताट आहे त्यास विचारा.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, बलुत्याची चाल आठवा. खळ्यावर सुतारास पायलीभर जोंधळा मिळे, आणि त्याच खळ्यावर याचकासही पायलीभर मिळे. माप एक, धान्य एक, देणारा हातही एक. पण सुतार आपल्या घामाचा हक्क नेई, आणि याचक दुसऱ्याची मेहेरबानी. त्या दोघांस एकच म्हणण्याचे धाडस गावात कोणी केले असते काय? सुतारानेच वाकस घेऊन जाब विचारला असता!

आता महाडचे पाहा. मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली बोले यांचा ठराव झाला, आणि 1924 साली महाडच्या म्युनिसिपालिटीने चवदार तळे सर्वांस खुले केले. तरी ता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पुढे दावा लागला. 1937 साली हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. उत्तम झाले. पण कारण कोणते? तर, अस्पृश्यांस पाणी न भरू देण्याची चाल अनादि काळापासूनची आहे, हे वादींस शाबीत करता आले नाही! ती चाल न्यायाची की अन्यायाची, हे कोर्टाने ठरविलेच नाही. डॉ. आंबेडकरांचे कारण निराळे होते: आम्ही माणसे आहोत, सबब पाणी आमचे आहे.

पंडित म्हणतील, “जुना कागद सापडता तर निकाल फिरला असता, म्हणून ही कारणे निराळी. आम्ही बोलतो ते जेथे निकाल कधीच फिरणार नाही तेथले.” बरे, तसे धरू. चंद्रसूर्य आहेत तोवर तो कागद कोणास सापडणार नाही. तरीही पहिल्या कारणाने पिणारा प्रतिपक्षाचा पुरावा तोकडा पडला म्हणून पितो, आणि दुसऱ्या कारणाने पिणारा आपले पाणी पितो. काय करावे एवढेच सांगून नीतीचे काम भागत नाही; कोण कोणाचे देणे लागतो, हेही तिला सांगावे लागते. सावकाराच्या वहीत रक्कम बरोबर असली तरी ती जमेस आहे की नावे, हे आपण पाहतोच ना?

1950 साली अमलात आलेल्या घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली. चाल किती जुनी, ही चौकशी त्यात नाही.

पंडितांस आमचा एकच सवाल आहे. ज्यांनी तळ्यात त्या घागरी ओतल्या, त्यांनी माफी मागावयास हवी होती की नको? पहिल्या कारणाने पाहता ते नुसता एक दावा हरले होते.