सर चांगले आहेत हो!

तर मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. पाऊस, भजी, भुशी डॅमची गर्दी वगैरे नेहमीचं काही आज मिळणार नाही. नातेवाईकांपैकी ज्यांना "हिला आता काय झालं" असं वाटेल त्यांनी खुशाल फोन करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

माझा भाचा फुटबॉल खेळतो. अकरा वर्षांचा आहे. गुडघे कायम फुटलेले, बुटात चिखल, आणि जेवताना तोंडात मेस्सी. मला फार आवडतं हे. आपल्याकडे लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत अशी पुष्कळ पोरं आहेत, आणि त्यांना शिकवणारे बहुतेक जण पदरमोड करून शिकवतात. तर अशाच एका क्लबात (नाव कशाला?) काही पालकांनी विचारलं, की मुलांच्या सुरक्षिततेचे काही नियम लिहून काढायचे का? म्हणजे मुलांबरोबर कोण राहणार, बाहेरगावी कोण नेणार, काही झालं तर सांगायचं कुणाला. समितीतल्या एका गृहस्थांनी हसून उत्तर दिलं, "अहो, सर चांगले आहेत हो!" आणि विषय संपला. चहा आला.

सर चांगलेच आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण इंग्लंडमध्ये बॅरी बेनेल नावाचा एक प्रशिक्षक होता, तोही सगळ्यांना चांगलाच वाटायचा. मुलं हेरण्यात हुशार, क्रू अलेक्झांड्रा आणि मँचेस्टर सिटी या क्लबांशी संबंध. घरी माकड पाळलेलं, पुमा पाळलेला, खेळायची यंत्रं. मुलं त्याच्याकडे राहायला जायची आणि आईबाप स्वतः सोडायला जायचे, कारण पोराचं नशीब उघडणार होतं! २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने स्वतःच्या नावानिशी पेपरात सगळं सांगितलं, आणि मग एकामागून एक माणसं बोलायला लागली. चाळिशी-पन्नाशीचे पुरुष टीव्हीवर रडत होते. बेनेलला २०१८ मध्ये ३१ वर्षांची शिक्षा झाली, २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये आला. १९७० ते २००५ या काळातले किमान ६९२ पीडित आणि २४० संशयित त्यात मोजले आहेत. इतकी वर्षं हे चाललं, आणि आजूबाजूला शेकडो भली माणसं होती.

"ते तिकडचं" असं म्हणणाऱ्यांसाठी इकडचं सांगते. २०२२ च्या जूनमध्ये आपला सतरा वर्षांखालील मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर होता. ऑक्टोबरमधल्या विश्वचषकाची तयारी चालली होती, ज्याचा अंतिम सामना पुढे नवी मुंबईत झाला. तिथे सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला. त्याला परत पाठवलं, जुलैमध्ये काढून टाकलं, पॉक्सोखाली गुन्हाही नोंदला गेला. पुढचं न्यायालय बघेल. मी फक्त एवढंच म्हणते, की देशाचा संघ, सोबत अधिकाऱ्यांचा ताफा, विश्वचषक तोंडावर आणि सगळ्यांचं लक्ष, तिथे जर ही वेळ येते, तर एक प्रशिक्षक आणि पंचवीस मुलं एवढाच पसारा असलेल्या आपल्या मैदानावर आपण कुणाच्या भरवशावर निवांत आहोत?

आणि मावळाला तर हे कुणी सांगायची गरजच नको. कोथुर्णे आठवतंय ना? ऑगस्ट २०२२. सात वर्षांची मुलगी. आरोपी त्याच गावातला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. त्या प्रकरणाचा फुटबॉलशी काही संबंध नाही, मान्य. पण त्या दिवसांत आपण सगळे "बाहेरच्या लोकांवर" लक्ष ठेवायच्या गप्पा मारत होतो. शनिवार-रविवारी येणारे पर्यटक, बंगलेवाले, मजूर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ओळखीचा माणूस मात्र आपल्या हिशोबात कधी येतच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे निघाले. आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते! "आपला तर मुलगा आहे, त्याला काय होतंय" म्हणणाऱ्या समस्त मामा-काकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

बरं, नियम लिहा म्हणणं हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याचे २०२० चे नियम उघडून बघा. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेतली पाहिजे असं त्यात लिहिलंय, आणि शाळा, पाळणाघरं यांच्या जोडीला क्रीडा अकादमी हा शब्दसुद्धा आहे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो. (आपल्याकडे गंमत अशी, की लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे आणि तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. त्यामुळे तळेगावचे सर लोणावळ्यात शिकवत असतील तर कागद कुठला, यावर एक बैठक सहज खर्ची पडेल.) अर्थात त्या कागदाने फार हुरळून जाऊ नये. ज्याच्याबद्दल आजवर कुणी तक्रारच केली नाही त्याचा कागद कोराच येणार.

खरं काम रोजच्या साध्या गोष्टींत आहे. पावसाळ्यात संध्याकाळी सहालाच अंधारतं. सराव संपतो, गाड्या येतात, मुलं जातात, आणि मळवली किंवा कान्ह्याचं एखादं पोर उरतं. बाबांची शिफ्ट, लोकल चुकलेली. मग सर त्याला मोटारसायकलवर सोडतात. किती चांगले सर! पण या "शेवटच्या मुला"ची व्यवस्था सरांच्या चांगुलपणावर का सोडायची? दुसरा पालक थांबेल, आळीपाळीने. कपडे बदलायला आडोसा नसतो म्हणून मुलं सरांच्या गाडीत बदलतात, तिथे एक पडदा लावायला किती खर्च येतो? मुलाशी एकट्याशी रात्री अकराला व्हॉट्सॅपवर कसली डावपेचांची चर्चा? ग्रुपवर लिहा की. स्पर्धेला बाहेरगावी गेलं की मोठ्यांची खोली वेगळी, सोबत दोन मोठी माणसं, मुली असतील तर एक बाई. आणि आपल्या लोणावळ्यात बंगला भाड्याने घेऊन मुलांची निवासी शिबिरं भरवायची जी पद्धत आहे, तिथे रात्री कोण कुठल्या मजल्यावर झोपतं हे एकदा तरी कुणी विचारतं का? आपण विचारतो जेवणात पनीर आहे का.

कानाखाली वाजवणं हाही याच विषयाचा भाग आहे, बरं का. "आम्ही नाही का मार खाल्ला" हे म्हणणाऱ्यांशी मी वेगळं भांडेन.

मुलं बोलत का नाहीत? कारण अकरा जण कोण खेळणार हे सर ठरवतात. अकरा वर्षांच्या पोरासाठी ही सत्ता मुख्यमंत्र्यांपेक्षा मोठी आहे. शिवाय गुरूबद्दल वाईट बोलायचं नाही हे आपणच शिकवलेलं.

आता समितीचे आक्षेप. एक, "सर दुखावतील, सोडून जातील, मग फुकट कोण शिकवणार?" अहो, दोन मोठी माणसं कायम हजर असतील तर उद्या कुणी खोटा आळ घेतला तरी सरांच्या बाजूने साक्षीदार आहे. ते समजावून सांगा, दुखावणार नाहीत. दोन, "क्लबचं नाव खराब होईल, काही झालंच तर आपसांत मिटवू." हे मात्र ऐकून माझं डोकं फिरलं. पॉक्सोमध्ये अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण होतं. त्यात माहिती असून कळवलं नाही असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. तेव्हा "मिटवू" म्हणणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारावं.

असो. येत्या रविवारी सरावानंतर पालकांची बैठक आहे. ताई म्हणते, फार बोलू नकोस, पोराला बाहेर बसवतील. (बघा, ताईलाही तीच भीती!) मी एका पानावर नियम लिहून नेतेय आणि पहिली सही सरांची मागणार आहे. ते करतील असं मला वाटतं. खाली १०९८ लिहिलाय, पण मुलांना फोन करायला एक ओळखीचा आवाजही हवा, क्लबातल्या कुणाचाच नातेवाईक नसलेला. तुमच्या माहितीत मावळातली एखादी निवृत्त शिक्षिका किंवा नर्स असेल, न घाबरणारी आणि फोन उचलणारी, तर शनिवारपर्यंत मला कळवा.