वंशावळीचे दप्तर आणि श्वानाचे आरोग्य

शुभ्र अंगावरच्या काळ्या ठिपक्यांमुळे सर्वांच्या परिचयाचा झालेला डाल्मेशियन कुत्रा एका व्याधीचे बीज रक्तात घेऊनच जन्मास येतो. आणि ते बीज नाहीसे करण्याचा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही केवळ नोंदवहीच्या शुद्धतेपायी तो तीस वर्षे अडवून धरण्यात आला, ही हकीकत आपल्याकडे जातिवंत पिल्लासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने समजून घेतली पाहिजे.

इतर कुत्र्यांच्या यकृतात युरिक आम्लाचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या द्रव्यात होऊन ते मूत्रावाटे निघून जाते. डाल्मेशियनच्या यकृतात हे रूपांतर घडविणारे विकर असते. उणीव असते ती आम्लाला पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनात. बाहेर राहिलेले आम्ल मूत्रात उतरते, साकळते आणि त्याचे खडे बनतात. नराच्या शिश्नात एक अस्थी असून मूत्रमार्ग तिच्या अरुंद खोबणीतून जातो. तेथे ज्वारीच्या दाण्याएवढा खडा अडकला की ते मुके जनावर पुन्हा पुन्हा पाय उचलते, थेंब-दोन थेंबांपलीकडे काही उतरत नाही, मूत्राशय तटतटून फुगते, आणि पशुवैद्याची मदत वेळेवर मिळाली नाही तर प्राणावर बेतते. खडे सर्वांनाच होतात असे नाही, पण मूळ दोष शुद्ध वंशातील एकूण एक कुत्र्यात आहे. आणि जेथे सर्वच सदोष, तेथे निर्दोष जोडीदार निवडावयाचा तरी कोठून?

तो बाहेरूनच आणावा लागणार, हे ओळखून रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर घडवून आणला, आणि पुढे प्रत्येक पिढीत ज्या पिल्लांचे मूत्र निर्दोष आढळले त्यांचीच निवड करून त्यांचा संबंध पुन्हा डाल्मेशियनशीच जोडला. अशा क्रमात परका अंश दर पिढीला निम्म्याने घटतो. पाचव्या पिढीत तो तीन टक्क्यांच्या आसपास उरतो. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद मंजूर केली, परंतु त्या जातीच्या पैदासकारांच्या संघाने हरकत घेतली आणि पुढील नोंदणी तहकूब झाली. २००८ साली सदोष जनुक कोणते ते निश्चित कळले. तरीही दप्तराचा दरवाजा उघडण्यास २०११ उजाडावे लागले.

परक्या रक्ताबरोबर नवे रोग येतील, कित्येक पिढ्यांची मेहनत वाया जाईल, ही हरकतदारांची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु जी हानी होईल की नाही हे ठाऊक नाही तिच्या धास्तीने, जी डोळ्यांदेखत होत आहे ती चालू ठेवणे, हा मला प्राण्यांवरचा उघड अन्याय वाटतो. दप्तर कुत्र्यासाठी असते. कुत्रा दप्तरासाठी जन्मास येत नाही.

नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नेमक्या याच दिशेने निवाडा दिला. कॅव्हेलियर किंग चार्ल्स या जातीत हृदयाच्या झडपेचा विकार आणि मेंदूला अपुरी पडणारी कवटी हे दोष इतके रुजले आहेत की तिची प्रचलित पद्धतीने पैदास करणे प्राणिकल्याणाच्या कायद्याचा भंग ठरते, असे सांगतानाच न्यायालयाने शास्त्रशुद्ध संकराची वाट मोकळी ठेवली.

आपल्याकडे पगची आवड गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फोफावली. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाकातोंडातील ओलाव्याची वाफ होऊ देऊनच त्याला शरीर थंड राखावे लागते. पगचे नाक माणसांनी पिढ्यानपिढ्या आखूड केले, पण टाळूचा मऊ भाग त्या मानाने आखडला नाही, त्यामुळे तो श्वासाच्या वाटेवर लोंबतो. नाकपुड्यांच्या तर नुसत्या चिरा उरल्या आहेत. वैशाखात विदर्भातल्या दुपारी किंवा मुंबईच्या दमट हवेत त्या जीवाची काय अवस्था होत असेल! ज्या घोरण्याचे घरात कौतुक होते ती कोंडलेल्या श्वासाची घरघर आहे, हे मालकास कोणी सांगतच नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकारास राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. या नोंदणीच्या वेळी आईबापांच्या श्वासाची, हृदयाची व खुब्याच्या सांध्यांची तपासणी झाल्याचा दाखलाही मंडळाने मागावा, आणि ग्राहकानेही वंशावळीच्या कागदाआधी तोच पाहावा.

याहून अधिक निकड आहे ती आपल्या कारवानीच्या बाबतीत. दख्खनच्या माळरानावर, विशेषतः मराठवाड्यात, सशामागे धावणाऱ्या या सडपातळ, लांब मुस्कटाच्या शिकारी कुत्र्याची निवड आजवर त्याच्या धावण्यावरून आणि दमावरून होत आली. आता त्याची प्रदर्शने भरतात, लक्षणांचे कोष्टक ठरते, नोंदवह्या तयार होतात. नोंद अवश्य व्हावी. मात्र ती मोजक्या नामांकित कुत्र्यांच्या संततीपुरती बंद न करता, गावोगावच्या मेंढपाळांकडे आणि शेतकऱ्यांच्या वाड्यांवर असलेली धडधाकट जनावरे तपासून दर पिढीला दाखल करून घेण्याची तजवीज नियमावलीत आताच, पहिल्या पानावर, करून ठेवावी.