नव्या लॅपटॉपला फॉरमॅट मारावा का?

२००८ सालच्या मार्चमध्ये सोनीने वायो लॅपटॉप घेणाऱ्यांपुढे एक पर्याय ठेवला. नाव होतं 'फ्रेश स्टार्ट'. सुमारे ५० डॉलर जादा मोजले, तर कारखान्यात भरलेले चाचणीपुरते आणि जाहिरातवजा प्रोग्रॅम काढून लॅपटॉप मिळणार होता. लोक भडकले आणि कंपनीने ते शुल्क लगेच मागे घेतलं. पण बॉक्समधून निघणारा नवा संगणक कोरा नसतो, हे बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं, हे त्यानिमित्ताने जगजाहीर झालं.

संगणक विकण्याच्या धंद्यात नफा तुटपुंजा असतो. तो भरून काढायला अँटिव्हायरसवाले आणि इतर सॉफ्टवेअर कंपन्या पैसे मोजून आपला माल लॅपटॉपमध्ये आधीच बसवून घेतात. फुकटची मुदत संपली की 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असं बजावणारी खिडकी रोज उघडायला लागते. म्हणून जाणकार मंडळी नवा लॅपटॉप घरी आणला की पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकतात.

या सवयीला सगळ्यांत भक्कम कारण पुरवलं ते लेनोवो कंपनीच्या प्रकरणाने. २०१४च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या तिच्या घरगुती वापराच्या अनेक लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा प्रोग्रॅम होता. ग्राहक पाहत असलेल्या वेबपानात जाहिराती घुसवणं हे त्याचं काम. आता बँकेचं किंवा खरेदीचं पान सांकेतिक रूपात येतं, मधल्या कुणाला ते वाचता येत नाही. सुपरफिशने त्यावर वाट काढली. त्याने आपलं स्वतःचं प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत नेऊन बसवलं. मग बँकेचं पान आधी सुपरफिशकडे उघडायचं आणि त्याच्या सहीने ब्राउझरकडे जायचं. ब्राउझरवरचं कुलपाचं चिन्ह मात्र जसंच्या तसं दिसायचं. त्याहून गंभीर म्हणजे, ही सही करायची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती आणि ती लॅपटॉपमध्येच पडून होती. फेब्रुवारी २०१५मध्ये सुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट ग्रॅहम यांनी काही तासांत तिचा पासवर्ड शोधून काढला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचं नाव! किल्ली हाती लागलेला कुणीही कॅफेच्या वायफायवर बसून शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपला खोटी बँक दाखवू शकला असता.

बरं, सुपरफिश अनइन्स्टॉल केला तरी प्रमाणपत्र मागे राहायचं. २०१७मध्ये लेनोवोने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी तडजोड केली, राज्यांना ३५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१५मध्ये, डेलच्या संगणकांतही 'ईडेलरूट' नावाचं असंच प्रमाणपत्र किल्लीसकट सापडलं होतं.

मग फॉरमॅट मारला की सुटका? तेही पूर्ण खरं नाही. त्याच २०१५मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे डिस्कवर नव्हे तर मदरबोर्डवर असणाऱ्या, संगणक सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, 'लेनोवो सर्व्हिस इंजिन' दडलेलं निघालं. डिस्क साफ पुसून अस्सल विंडोज टाकलं, तरी बायोस आपला प्रोग्रॅम पुन्हा विंडोजमध्ये आणून सोडायचा. बोभाटा झाल्यावर कंपनीने बायोसचा अपडेट देऊन ते बंद केलं. बायोसमधून विंडोजमध्ये प्रोग्रॅम सोडण्याची अधिकृत वाट मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ८च्या वेळी करून दिली होती, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधण्यासारख्या कामांसाठी. ती आजही आहे. २०२३मध्ये एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीला गिगाबाइटच्या मदरबोर्डांत असाच प्रकार आढळला. आणि 'शुद्ध' विंडोज तरी कुठे शुद्ध असतं? विंडोज १०बरोबर 'कँडी क्रश' आलाच होता की.

तेव्हा सीलबंद बॉक्स, आत अस्सल विंडोज आणि अंगावर दोन-चार नकोसे प्रोग्रॅम, एवढंच असेल तर फॉरमॅटच्या भानगडीत पडू नये. नको ते अनइन्स्टॉल करावं, विंडोज आणि बायोसचे अपडेट घ्यावेत आणि कामाला लागावं. विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, डिफेंडर, पुरेसं चांगलं आहे.

डिस्प्लेचा पीस, सेकंडहँड लॅपटॉप किंवा दुकानदाराने विंडोज टाकून दिलेला लॅपटॉप घेतला असेल, तर मात्र फॉरमॅटला पर्याय नाही. आपल्याकडे खरी जोखीम या शेवटच्या प्रकारात आहे. चार पैसे वाचावेत म्हणून 'डॉसवाला' लॅपटॉप घ्यायचा, म्हणजे फ्रीडॉस असलेला, आणि दुकानातून फुकटचं विंडोज टाकून घ्यायचं, हा शिरस्ता जुना आहे. ते विंडोज चालू राहावं म्हणून सोबत एक ॲक्टिव्हेटर टाकतात आणि त्याला पकडलं जाऊ नये म्हणून डिफेंडरला गप्प बसवतात. पुढे त्याच लॅपटॉपवर मुलीच्या प्रवेशाचे अर्ज भरले जातात, वडिलांची पेन्शन तपासली जाते, बँकेचे व्यवहार होतात. कुणी बनवलेला हे माहीत नसलेला एक प्रोग्रॅम तिथे सर्वाधिकार घेऊन बसलेला असतो. ही बचत नव्हे. परवान्याचे पैसे जड जात असतील तर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकावं. फुकट आहे, कायदेशीर आहे आणि मराठी टंकायची सोयही आहे.

फॉरमॅट करायचंच ठरलं, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवावं. विंडोज ८पासून कंपनीने दिलेल्या परवान्याची की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. त्यामुळे आधी होती तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर की विचारली जात नाही. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर पुसण्याआधी ते आपल्या खात्याला जोडून घ्यावं. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी दिसते. एसएसडी गेली असं समजून घाबरू नये. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच उतरवलेला असला, की 'लोड ड्रायव्हर' दाबताच ती दिसते. वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा, कारण विंडोज ११ बसता बसता मध्येच इंटरनेट मागतं आणि तोवर वायफाय चालू झालेलं नसतं.