जुगाऱ्याला फटके नकोत, दवाखाना द्या



टपरीवर चिठ्ठी लिहून घेणारा 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतो. हे शब्द कुठून आले? कापसातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता भाव आणि बंद भाव मुंबईच्या कापूस बाजारात यायचा आणि त्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. १९६१ मध्ये ते आकडे बंद झाले. १९६२ साली वरळीत कल्याणजी भगतने आकडा काढायला सुरुवात केली, दोन वर्षांनी रतन खत्रीने आपला वेगळा मटका मांडला. कापूस गेला, मडके राहिले. भाव ठरवणारा परका, आकडा काढणाराही परका, आपल्या हाती नुसती वाट पाहणे. कपाशीवाल्याला हा खेळ शिकवावा लागत नाही.

कापूस मोजताना क्विंटलमागे दोन किलो कटती धरली तर आपण काटा बंद पाडतो. मटक्याची कटती कुणी मोजली? आकडे दहा. एकावर रुपया लावला आणि लागला, तर साधारण ९ रुपये मिळतात. म्हणजे शंभराला दहाची कटती, तीही एका फेरीची. उरलेले पुन्हा लावत गेलात तर १० फेऱ्यांनंतर शंभरातले सरासरीने ३५ राहतात, २० फेऱ्यांनंतर १२. तरी माणूस सांगतो, "चौका लावला, पंजा आला, थोडक्यात हुकला." चौका आणि पंजा शेजारी आहेत ते आपल्या डोक्यात. मडक्यात शेजार नसतो.

पूर्वी पत्ते कुटायला गावाबाहेर जावे लागे, कुणी ना कुणी बघत असे. मग रमी मोबाईलमध्ये आली. रात्री दोन वाजता, बायको-पोरे झोपलेली असताना, खात्यातले पीककर्ज बोटाने उडवता येऊ लागले. आणि सरकार? १ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावून तेही फडावर नाल काढायला बसले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसली. ती जाहिरात होती, आपण खेळत नव्हतो, असे ते म्हणाले. त्यांचे कृषी खाते गेले आणि मिळाले ते क्रीडा खाते! आम्ही यावर काय बोलावे?

२० आणि २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. बरे केले. पण १९ ऑगस्टलाच कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले होते, तेही वेचणी तोंडावर असताना. एका हाताने मोबाईलमधला पट बंद केला, दुसऱ्या हाताने आमचा हंगामच पटावर लावला. आणि जुगारबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १८८७ पासून आहे. मटका थांबला का?

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द. शेतकरी मेला की पांढरपेशे म्हणतात, "जुगारी होता." म्हणून आपण ही गोष्ट झाकतो. झाकू नका. पेरणी हीच पैज असलेल्या माणसाला दुसऱ्या पैजेचा नाद लागला, म्हणून भावाचा प्रश्न खोटा ठरत नाही. जुगाराचे व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. गेलेले काढण्यासाठी पुन्हा लावणे, रक्कम वाढवत जाणे, खोटे बोलणे, खेळ नसला की तडफडणे, ही त्याची लक्षणे. अक्कल कमी म्हणून हे होत नाही. धर्मराजाला अक्कल कमी होती?

त्याच्याच गोष्टीत पुढचे वाचा. धृतराष्ट्राने सगळे हरलेले परत दिले. पांडव निघाले, वाटेतून पुन्हा बोलावणे आले, आणि धर्मराज पुन्हा बसला! आपल्या गावात हेच चालते. बाप एकरभर विकून देणे फेडतो, देवापुढे शपथ घेतो, झाडाला बांधून मारतो, आणि पुढच्या सुगीला तेच. देणे फिटले म्हणजे आजार बरा झाला असे नाही. उलट हात मोकळा होतो.

मग करायचे काय? त्याच्या हातचा पैसा काढा. पासबुक, एटीएम कार्ड, पट्टीची रक्कम घरच्या बाईकडे द्या, आणि तिच्यावर हात उगारला जाणार नाही हे भावकीने बघावे. सावकाराला घरच्यांनी परस्पर पैसे देऊ नयेत, सगळ्या देण्याची यादी एकदा उघड्यावर मांडावी. देणे उघडे पडते त्या रात्री माणसाला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा. यावर मुख्य उपचार बोलण्याचा आहे: समुपदेशकासमोर काही आठवडे बसून, नाद कधी उसळतो ते ओळखून तो परतवायला शिकणे. सोबत उदासी किंवा दारू असेल तर तिच्यासाठी गोळ्या असतात. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते.

पण जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञापर्यंत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. दर आठवड्याला कोण जाईल? म्हणून या बैठकीत ठराव मांडावा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा समुपदेशक तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात बसला पाहिजे, आणि जुगाराचे व्यसन त्याच्या नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहिले गेले पाहिजे. ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना हाती द्यायची आहे. दर तालुक्यातून पाच जण तरी लागतील. नावे बैठकीतच लिहून द्यावीत.