कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपणांपैकी बहुतेकांनी घरातील वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. हातभर बांधापायी दोन नांदती घरे धुळीस मिळालेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या अनुभवातून ती निघाली आहे. तेव्हा तिला आम्ही खोटी म्हणत नाही. परंतु ज्या पायरीवर वादी होऊन चढू नये असे ती सांगते, त्याच पायरीवर विद्यार्थी होऊन प्रत्येकाने एकदा तरी चढावे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या थंडीच्या दिवसांत आम्ही काही विद्यार्थ्यांसमवेत मुंबईच्या कोट भागातील न्यायालयांच्या परिसरात, एका माहीतगार गृहस्थांच्या मागून, पायी फेरफटका केला. आरंभ गोदीच्या सिंहद्वारासमोरील ग्रेट वेस्टर्न इमारतीपासून झाला. 1798 साली स्थापन झालेले रेकॉर्डरचे न्यायालय व त्याच्या जागी आलेले सुप्रीम कोर्ट ही एके काळी ह्याच वास्तूत भरत. तेथून काळ्या घोड्यावरून आम्ही ओव्हल मैदानाच्या कडेस आलो. दक्षिणेकडून उत्तरेकडे चालू लागले म्हणजे प्रथम 1874 साली पूर्ण झालेले जुने सचिवालय लागते. तेथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. मग विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा. आणि त्यांच्या शेजारी मुंबईचे उच्च न्यायालय. हे न्यायालय 1862 साली स्थापन झाले. परंतु आजची इमारत कर्नल फुलर ह्यांच्या आराखड्यावरून 1871 ते 1878 ह्या काळात बांधली गेली. तिची लांबी 562 फूट आहे, आणि माथ्यावर न्याय व दया ह्यांच्या मूर्ती उभ्या आहेत. 2018 साली युनेस्कोने ज्या इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत हिचाही समावेश आहे.

हे सर्व आमच्या मार्गदर्शकांनी उत्तम सांगितले. एका डोळ्यावर पट्टी बांधून हाती तराजू धरलेला माकड-न्यायाधीश तेथील दगडात कोरलेला आहे. कंत्राटदाराशी झालेल्या तंट्याचा सूड म्हणून तो कोरला गेला, अशी दंतकथा आहे. ती ऐकून मुले पोट धरधरून हसली. मग आमच्यातील एका लहान मुलाने विचारले, "पण गुरुजी, येथे गरिबाला न्याय मिळतो काय?" मार्गदर्शकांनी घड्याळाकडे पाहिले, आणि मंडळी पुढे चालू लागली.

त्या मुलाचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. कमानी, खांब आणि मनोरे दाखवून फिरवून आणणे म्हणजे पुस्तकाची बांधणी दाखवून ते मिटून ठेवणे होय. इमारत ज्यासाठी उभी राहिली, ते काम तेथे कसे झाले, हे सांगितल्यावाचून ती फेरी पुरी होत नाही. आम्ही त्या मुलास तेथेच उत्तर द्यावयास हवे होते. ते येथे देतो.

अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. 1884 साली पतीने दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी तो फेटाळला; परंतु तो निर्णय अपिलात फिरला, आणि मार्च 1887 मध्ये पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम झाला. आपण तुरुंगच पत्करू, असे ह्या बाईंनी निर्भयपणे कळविले. पुढे 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. येथे न्यायालय हरले आणि एक तरुण स्त्री जिंकली, असेच म्हणावे लागेल.

ह्याच इमारतीत 22 जुलै 1908 रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मराठीत लिहिलेल्या लेखांची पारख इंग्रजी भाषांतरावरून झाली. नऊ पंचांपैकी सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. शिक्षा सांगणारे न्यायमूर्ती दावर ह्यांनीच 1897 साली, वकील असताना, टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, हाही दैवाचा एक खेळच! परंतु 1916 साली टिळकांच्या भाषणांवरून त्यांच्याकडून मागितलेला चांगल्या वर्तणुकीचा जामीन ह्याच उच्च न्यायालयाने रद्द केला. आणि 1956 साली, स्वराज्यात, मुख्य न्यायमूर्ती छगला ह्यांच्या हस्ते त्या दालनाबाहेर लोकमान्यांचे स्मृतिशिल्प बसविण्यात आले. आपल्या घराची चूक आपल्याच भिंतीवर लिहून ठेवणाऱ्या संस्था जगात थोड्याच असतील.

तिसरी गोष्ट महाडच्या चवदार तळ्याची. 1927 साली डॉक्टर आंबेडकरांनी अस्पृश्य बांधवांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. तळे खाजगी आहे असे म्हणून विरोधकांनी त्याच साली महाडच्या न्यायालयात दावा लावला. तो पायरी-पायरीने वर चढत उच्च न्यायालयात आला, आणि 17 मार्च 1937 रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली. पण तो हक्क मिळाला.

तेव्हा, बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की न्याय कधी मिळाला, कधी मिळाला नाही, कधी फार उशिरा मिळाला. आणि जेव्हा मिळाला, तेव्हा तो मागणारे कोणी तरी हट्टाने उभे होते म्हणून मिळाला. हे उत्तर कोणत्याही कमानीपेक्षा मोलाचे आहे, असे आम्हांस वाटते.

ह्यावर कोणी म्हणतील, न्यायमंदिर ही काय सहलीची जागा आहे? तेथे पोरांची गर्दी झाल्यास कामात व्यत्यय येईल. आक्षेप योग्य आहे. परंतु न्यायालयाचे काम उघड्या दाराने चालावे, हे तत्त्वच मुळी लोकांनी पाहावे म्हणून आहे. रीतसर परवानगी घेऊन, मागच्या बाकावर तोंड मिटून अर्धा तास बसणे, ही मुलांना शिस्तीची शिकवण होईल. दुसरे कोणी म्हणतील, मुंबईस जाण्याचा खर्च आम्हांस कोठला परवडणार? त्यांना आमचे सांगणे असे, की आपल्या तालुक्याचे न्यायालय पायी जाण्याजोगे असेल, तेथे जा. महाडचा दावा तशाच एका लहान न्यायालयात सुरू झाला होता, हे विसरू नका.

आणखी एक कारण आहे. उच्च न्यायालयासाठी वांद्रे येथे नवे संकुल उभारण्याचे ठरले आहे. न्यायाधीश व वकील तिकडे गेले, म्हणजे जुन्या वास्तूत दगड तेवढे राहतील. आणि जे काम तेथे झाले, त्याची आठवण राखणे सर्वस्वी सांगणाऱ्यांवर अवलंबून राहील. सांगणाऱ्यांनी केवळ माकडाची गोष्ट सांगितली, तर पुढील पिढीस माकड तेवढे आठवेल!

म्हणून पालकांस आमची विनंती, की येत्या सुटीत मुलांस ह्या फेरीस अवश्य न्यावे, आणि जाण्यापूर्वी ह्या तीन गोष्टी त्यांना घरी सांगाव्यात. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे, की मार्गदर्शकांस प्रश्न विचारण्यास लाजू नका, आणि त्यांनी घड्याळ पाहिले तर पुन्हा विचारा. भांडणासाठी कोर्टाची पायरी चढू नये, हे शहाणपण खरेच. पण त्या पायरीच्या वर काय आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला शहाणा कसे म्हणावे?